सांडाला मिनरल मिक्स्चर चालू केलंय, गायी कधी ठरतील?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरजवळच्या काटोलकडचे एक भाऊ आहेत, घरचा गवळाऊ जातीचा सांड, साडेचार वर्षांचा, वजन पाचशे किलोच्या आसपास. मागच्या वर्षी गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या गायी त्याला दाखवल्या, बहुतेक पहिल्या वेळीच ठरल्या, म्हणजे गाभण राहिल्या. यंदा जुलैपासून ज्या आल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या, दोन तर तीन-तीनदा. पोळ्याच्या आठवड्यात दुकानदारानं चिलेटेड (सेंद्रिय पदार्थाला जोडलेली खनिजं असलेलं) मिनरल मिक्स्चर दिलं, रोज १०० ग्रॅम, वरून लिक्विड कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ, आणि सांगितलं आठ दिवसांत फरक दिसेल. दहा दिवस झाले, फरक नाही, आता तो म्हणतो डोस दुप्पट करा आणि सेलेनियमचं इंजेक्शन पण मारून घ्या. सांडाचा फोटोही पाठवलाय. भाऊ विचारतात, करू का?

नका करू. दोन्ही नको. का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. सांडाच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण ६१ दिवस लागतात, मग ते वृषणाला चिकटलेल्या नळीत आठ-दहा दिवस पिकतात, तिथं त्यांना पोहता येऊ लागतं. म्हणजे झाले सत्तर दिवस. आज सांड गायीवर उडतो तेव्हा जे वीर्य पडतं त्याची सुरुवात सत्तर दिवसांपूर्वी झालेली असते. दहा दिवसांपूर्वी टाकलेल्या पावडरीचा त्याच्याशी संबंध जवळजवळ नाहीच. आठ दिवसांत फरक दिसेल असं जो सांगतो त्याला एक तर हे माहीत नाही किंवा माहीत असून पिशवी विकायची आहे.

आता हाच हिशोब उलटा करा. गायी उलटायला लागल्या जुलैच्या मधे. तिथून सत्तर दिवस मागं जा, कुठं येता? मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आता नागपूर-काटोलचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू, पारा ४५ च्या पार, विहिरीत पाणी नाही, बांधावर हिरवं पान नाही, आणि तुमच्या फोटोत दिसतंय की सांड टिनाच्या शेडमधे बांधलेला आहे. वृषणं शरीराच्या बाहेर लोंबतात त्याला कारण आहे, त्यांना शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते सहा डिग्री थंड राहावं लागतं तरच काम नीट चालतं. टिनाखाली दुपारी बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असेल तर ती थंड राहणार कशी. असे चार-पाच दिवस सलग गेले की त्या वेळी जे शुक्राणू अर्धवट घडलेले असतात ते बिघडतात, शेपटी वाकडी, डोकं बेढब, आणि हा खराब माल दोन आठवड्यांनंतर दिसायला लागतो तो पुढचे दीड-दोन महिने येतच राहतो. ऊन मे-जून मधलं, फटका जुलै-ऑगस्टमधे. मधे पाऊस पडलेला असतो, गारवा आलेला असतो, म्हणून कोणाच्या डोक्यात उन्हाचा विचारच येत नाही.

आणि इथं एक गंमत आहे, जनावरांचा डॉक्टर म्हणून मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं बघतोय. जून मधे पाऊस आला, हिरवा चारा आला, सांड सावलीत गार झाला, त्यानंतरचं वीर्य सप्टेंबरमधे पडायला लागतं आणि गायी आपोआप ठरायला लागतात. नेमकं त्याच वेळी पोळ्याच्या निमित्तानं लोक सांडाकडं, बैलाकडं लक्ष देतात, पिशवी आणतात, आणि श्रेय पिशवीला जातं. तुमच्या दुकानदाराला मी खोटं म्हणत नाही, त्यानं खरंच बघितलंय की पावडर दिली आणि महिन्याभरात गायी फळल्या. फक्त ते काम पावसानं केलेलं असतं.

म्हणजे मिनरल फालतू आहेत का? अजिबात नाही. आपल्याकडं तर गरज आहेच. आपली काळी जमीन चुनखडीची, तिच्यात झिंक असलं तरी पिकाला मिळत नाही, म्हणून तर कृषीवाले कपाशी-सोयाबीनला झिंक सल्फेट टाकायला सांगतात, मग त्याच जमिनीतल्या कडब्यात आणि कुटारात ते कुठून येणार. झिंक कमी पडलं की वृषणं नीट वाढत नाहीत, नर हार्मोन कमी बनतं, शेपटीची घडण बिघडते. मॅंगनीजचं, तांब्याचं असंच काही ना काही काम आहे, आयोडीन कमी असलं की सांड सुस्त होतो, गाय समोर उभी असली तरी वास घेऊन बाजूला होतो. कोबाल्ट कमी असलं तर भूकच मरते. सेलेनियम शुक्राणूच्या मानेजवळच्या भागात लागतं, ते नसलं तर शेपटी तिथंच मोडते. हे सगळं खरं आहे. पण ही कमतरता भरून काढायची गोष्ट आहे. रिकामा रांजण भरला की भरला, वर ओतत राहिलं तर पाणी अंगणात जातं, आणि काही मिनरलच्या बाबतीत अंगणात जाऊन पायही घसरवतं.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. पाचशे किलोचा सांड दिवसाला साधारण दहा किलो कोरडा माल खातो, म्हणजे पाणी वगळून. त्याला दर किलोमागं ३० मिलिग्रॅम झिंक लागतं असं धरलं तर दिवसाला झाले ३०० मिलिग्रॅम. आता तुमची पिशवी उलटी करून मागचा तक्ता वाचा. झिंक ०.८ टक्के लिहिलं असेल तर ५० ग्रॅममधे बरोबर ४०० मिलिग्रॅम बसतं. म्हणजे चाऱ्यातून एक कणही आला नाही असं धरलं तरी ५० ग्रॅममधे गरज भागून उरतं. तांब्याचं बघा, गरज दिवसाला शंभर मिलिग्रॅम, पिशवीत ०.१ टक्का असेल तर ५० ग्रॅममधून पन्नास येतं, उरलेलं चाऱ्यातून निघतं. मग १०० ग्रॅम कशाला आणि २०० कशाला? महिन्याला दीड किलोत होणाऱ्या कामाला तुम्ही तीन किलो घालून राहिलात, आता सहा किलो घालायला निघालात.

चिलेटेडबद्दल पण विचारलं होतं. ते वाईट नाही, जिथं पाण्यात-चाऱ्यात लोह, गंधक, कॅल्शियम फार जास्त असतं तिथं ते जरा जास्त अंगी लागतं. पण साधं सल्फेटवालं मिक्स्चर रोज न चुकता दिलं तर बहुतेक गोठ्यात तेवढ्यावर भागतं. महागडं आणून आठवड्यातून तीनदा आठवण येते तेव्हा टाकणं याला काही अर्थ नाही. आणि लोक विचारतात पिशवी खरी की खोटी कसं ओळखू, लिंबू पिळून फेस आला म्हणजे चुना मिसळलाय का. बापा, फेस तर चांगल्या मिक्स्चरला पण येतो, त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतंच. आयएसआयचा मार्क बघा, तक्ता बघा, बॅचची तारीख बघा, गोळे झालेली ओलसर पिशवी घेऊ नका. लालभडक रंगाला भुलू नका, तो लोहाच्या गेरूचा असतो, आपल्याकडं लोहाची कमतरता जनावरांत सहसा नसतेच, चाऱ्यासोबत माती पोटात जातेच की, उलट लोह जास्त झालं तर ते तांब्याला अडवतं.

मोजायची पद्धत सांगतो, कारण अर्धी गडबड तिथंच होते. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा ५० ग्रॅम मोजून घ्या, चहाच्या कागदी कपात टाका, जिथपर्यंत येईल तिथं पेनानं रेघ मारा, आणि तो कप पिशवीतच ठेवा. रोज तेवढंच, ओलसर चोकरात (गव्हाच्या कोंड्यात) कालवून, सकाळच्या खुराकात. मूठभर म्हणजे कोणाची मूठ? तुमच्या बाबांची आणि तुमच्या पोराची मूठ सारखी नाही. मीठ वेगळं द्या, ३० ग्रॅमभर, आणि मिक्स्चरमधे मीठ आधीच असेल तर तेवढं कमी करा.

आता कॅल्शियम. हे मी जरा जोरात सांगणार आहे कारण प्रत्येक गोठ्यात ही बाटली दिसते. लिक्विड कॅल्शियम दुभत्या गायीसाठी असतं, तिच्या दुधातून रोज कॅल्शियम बाहेर पडतं. तुमचा सांड दूध देतो का? त्याच्या अंगातून ते दुधासारखं बाहेर जात नाही. दुभत्या गायींचा जास्त कॅल्शियमवाला खुराक वर्षानुवर्षं खाल्लेल्या सांडांच्या मणक्यांना हाडाचे काटे येतात, मणके एकमेकांना जोडले जातात, हे जुनं आणि माहीत असलेलं दुखणं आहे. मग सांड मागच्या पायांवर उभा राहायला नाखूष होतो, गायीवर चढायला जातो आणि अर्ध्यातून उतरतो, मालक म्हणतो ताकद कमी झाली, अजून कॅल्शियम पाजतो. शिवाय जास्त कॅल्शियम झिंकला पोटात अडवतं. म्हणजे एका हातानं झिंकची पिशवी आणि दुसऱ्या हातानं त्याला अडवणारी बाटली, आणि दोन्हीचे पैसे तुम्हीच मोजून राहिलात.

सेलेनियमच्या इंजेक्शनचं असं आहे की गरजेचं आणि विषारी यातलं अंतर या मिनरलमधे फार कमी. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडं काही गावांत जमिनीतच ते इतकं आहे की जनावरांची शेपटी झडते, खूर सुटतात. आपल्याकडं तसं नाही, पण रक्त न तपासता, मिक्स्चरमधे आधीच सेलेनियम आहे की नाही हे न बघता, वरून सुई मारायची याला मी कधीच हो म्हणणार नाही. मारायचीच वेळ आली तर तुमच्या डॉक्टरला ठरवू द्या, दुकानाच्या काउंटरवर ठरवू नका.

सुईचा विषय निघालाच आहे तर माझीच एक चूक सांगतो. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील, सावनेरकडं एक सांड थंड पडला होता, मालक रोज फोन करायचा, डॉक्टरसाहेब काहीतरी करा, शेवटी कंटाळून मी टेस्टोस्टेरॉन टोचलं. सांड चार दिवसांत पेटला, दोरी तोडून गायींच्या मागं धावायला लागला, मालकानं मला पेढे आणून दिले. तीन महिन्यांनी तोच मालक आला, तोंड उतरलेलं, डॉक्टरसाहेब उडतो तर जोरात पण एकही गाय थांबली नाही. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं आत भरपूर आहे, तो वृषणांना काम बंद करायला सांगतो, शुक्राणू बनणं मंदावतं, वृषणं मऊ पडतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि गोठ्यात विसरलो. तो पेढा मला अजून आठवतो.

बरं, तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, "खुराक चांगला आहे, रोज तीन किलो सरकी ढेप देतो". अरे देवा. सरकी ढेप म्हणजे कपाशीच्या बियांची पेंड. सरकीत गॉसिपॉल नावाचा एक पिवळा पदार्थ असतो, आणि नराच्या वृषणांशी त्याचं वैर आहे. चीनमधे खेड्यापाड्यात कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या घरांत पोरं होईनात तेव्हा हे लक्षात आलं, पुढं १९७० च्या दशकात तिथं गॉसिपॉलची पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून चाचणी पण झाली. आपलं बाजारातलं रिफाइंड तेल शुद्ध केलेलं असतं, त्यात तो प्रश्न नाही, पण ढेपेत गॉसिपॉल उरतं. गायीच्या-बैलाच्या पोटात, म्हणजे रुमेनमधे, त्यातलं बरंचसं बांधलं जातं, म्हणून थोड्या ढेपेनं मोठ्या जनावराला विष चढत नाही, पण सांडाच्या शुक्राणूच्या मधल्या भागावर, जिथून त्याला पोहायची ताकद मिळते, तिथं घाव बसतो. तरुण गोऱ्ह्यात तर अजून जास्त.

आपल्या विदर्भात अडचण अशी आहे की ढेप म्हणजे सरकीचीच. बैलाला चालते, गायीला चालते, दुधाला फॅट येते, मग सांडाला काहून नाही? कारण बैल खच्ची केलेला आहे, त्याचं बिघडायला काही उरलेलंच नाही, आणि गायीवर याचा परिणाम सांडापेक्षा बराच कमी. एकाच गव्हाणीत तिघं खातात, दोघं ठणठणीत, म्हणून तिसऱ्याचा संशय येत नाही. तुमच्या सांडाची सरकी ढेप आजपासून बंद. त्याऐवजी जवसाची ढेप द्या, आपल्याकडं जवस मिळतो, नाही तर भुईमुगाची, तीही नसली तर सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड. दीड-दोन किलो खुराकात भागतं, काम करणाऱ्या सांडाला पण, त्याला लठ्ठ करायचं नाहीये, लठ्ठ सांडाच्या अंडकोशाच्या वरच्या भागात चरबी साठते आणि वृषणांना गार राहू देत नाही. सरकी बंद केल्यावर परिणाम बहुतेक वेळा हळूहळू ओसरतो, पण परत तेच, सत्तर दिवसांचं गणित.

दुसरी गोष्ट मिनरल नाही पण त्यापेक्षा मोठी आहे, व्हिटॅमिन ए. हिरव्या चाऱ्यातून येतं. पिवळा पडलेला कडबा, तुरीचं-सोयाबीनचं कुटार, पूर्वेकडं मौदा-भंडाऱ्याला धानाचं तणीस, यात ते जवळपास नसतंच. लिव्हरमधे साठा असतो तो दोन-चार महिने पुरतो, म्हणजे होळीपासून हिरवं बंद झालं तर मे-जून येईपर्यंत साठा तळाला लागतो, आणि ते संपलं की वृषणातला जो पडदा शुक्राणू बनवतो तोच खराब व्हायला लागतो. संध्याकाळी गोठ्यात आणताना जनावर खुंट्याला-दगडाला धडकत असेल तर रातांधळेपणा आलाय समजा, तेव्हा तर फारच उशीर झालेला असतो. उपाय काय, विहिरीच्या पाण्याच्या पाटावर दोन-चार ओळी नेपिअर गवत लावा, सांडापुरतं रोज पाच-सहा किलो हिरवं उन्हाळाभर निघालं तरी खूप झालं. तेही नाही जमलं तर शेवग्याचा पाला. हे बाटलीतल्या कोणत्याही टॉनिकपेक्षा स्वस्त आहे. संत्र्याच्या बागेला ठिबक देता तेव्हा त्यातलीच एक लाइन गवताकडं वळवा, एवढं तर सांडासाठी करू शकता.

धानपट्ट्यातल्या लोकांसाठी एक वाक्य जास्तीचं, तणसात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, फॉस्फरस पण कमी, म्हणून तिकडं मिक्स्चरची गरज काटोलपेक्षा जास्त. जनावर हाडं चघळतंय, भिंत चाटतंय, गोणपाट खातंय तर ते फॉस्फरस मागतंय. पण ज्याच्या खुराकात चोकर भरपूर आहे त्याला फॉस्फरस कमी पडत नाही, उलट चोकर जास्त आणि पाणी कमी झालं की नराला मूतखडा होतो, हे मी दर उन्हाळ्यात बघतो.

तांब्याची कमतरता ओळखायची खूण पुस्तकात लिहिलेली असते की काळे केस तांबूस होतात, डोळ्याभोवती चष्मा घातल्यासारखा रंग उडतो. नागपुरी म्हशीवर हे लगेच दिसतं. तुमचा गवळाऊ पांढरा, त्याच्यावर काय दिसणार डोंबल. म्हणून पांढऱ्या जनावरात झिंककडं बघा, मानेवर आणि अंडकोशाच्या कातडीवर जाड खपल्या, नाकपुडीजवळ भेगा, खुरांच्या फटीत जखमा भरत नाहीत. तुमच्या फोटोत कातडी तुकतुकीत दिसतेय, खूर पण बरे आहेत. फोटोवरून ठाम सांगत नाही, पण झिंकची ओढाताण झालेलं जनावर असं दिसत नाही.

आता खरा प्रश्न, दोष सांडाचाच आहे कशावरून? उन्हाळ्यात गायींनी पण तोच कडबा खाल्लाय, हाडं निघालेली गाय माजावर येते पण ठरत नाही. तुम्ही एक काम करा, एक वही घाला. कोणत्या गावची गाय, कोणत्या तारखेला दाखवली, किती दिवसांनी उलटली. एकाच मालकाच्या सगळ्या उलटल्या आणि दुसऱ्याच्या ठरल्या तर सांडाला बोल लावू नका. चांगल्या पोसलेल्या, आधी व्यालेल्या गायी पण १८ ते २४ दिवसांनी नेमानं उलटल्या तर सांडाचं वीर्य कमी पडतंय. आणि ३०-४० दिवसांनी, वेळीअवेळी उलटत असतील तर मात्र मला मिनरल वगैरे काही ऐकायचंच नाही, ती गाय ठरली होती आणि गर्भ आतच गेला असा संशय येतो, ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे सांडाच्या लिंगाच्या आवरणात घर करून राहणारे रोगजंतू आहेत, सांडाला काहीही होत नाही, दिसायला राजा, आणि गावोगावच्या गायींना वाटत फिरतो. ब्रुसेला या गाभडवणाऱ्या रोगाचाही विचार करा, सहाव्या महिन्यानंतर कोणाची गाय गाभडली असं कानावर आलं तर सांडाचं रक्त तपासल्याशिवाय एकही गाय दाखवू नका, आणि ते गाभडलेलं उघड्या हातानं उचलू नका, तो रोग माणसाला होतो. मी स्वतः असे दोन सहकारी बघितलेत जे महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी घेऊन फिरले.

आणि सांडावर भार किती? तुम्ही लिहिलंय जुलैमधे एका रविवारी चार गायी आल्या होत्या, चारही दाखवल्या. चौथ्या गायीला काय मिळालं असेल विचार करा. वीर्य केंद्रात सांडाकडून आठवड्यातून दोन दिवस वीर्य घेतात, आणि ते एसीच्या नसल्या तरी सावलीच्या, पंख्याच्या गोठ्यात राहतात. तुम्ही दिवसाला एक, आणि आठवड्याला तीन-चार यापुढं जाऊ नका. मालक नाराज होईल, होऊ द्या. नाही तर गवळाऊच्या फ्रोझन सीमेनची, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची, कांडी मागवायला सांगा.

सांड तपासायला फार काही लागत नाही, अर्धं काम तुम्ही पण करू शकता. सकाळी गारव्यात, सांड शांत असताना, मागून नको, बाजूनं उभं राहून, अंडकोश हलक्या हातानं खाली ओढून दोन्ही वृषणं चाचपा. चांगलं वृषण कच्च्या-पिकल्याच्या मधल्या पेरूसारखं लागतं, दाबलं की परत वर येतं. उन्हानं नाही तर ढेपेनं मार खाल्लेलं वृषण साल सुटलेल्या शिळ्या संत्र्यासारखं लागतं, आत काही सरकल्यासारखं. दगडासारखं कडक, एका बाजूला गरम, दुखतं, तर लगेच डॉक्टर. मग शिंप्याचा टेप घ्या, सगळ्यात जाड जागी घेर मोजा. विदेशी जातीत दोन वर्षांवरच्या सांडाला ३४ सेंटिमीटर किमान धरतात, आपल्या देशीत थोडं कमी चालतं, पण तुमच्यासाठी त्याचाच मागचा आकडा महत्त्वाचा. वहीत लिहून ठेवा, दोन महिन्यांनी परत मोजा.

उरलेलं अर्धं काम मायक्रोस्कोपचं. आम्ही गोठ्यात करतो तेव्हा थर्मासमधे कोमट पाणी, त्यात काचपट्ट्या गरम ठेवलेल्या, कारण थंड काचेवर चांगलं वीर्य पण मेल्यासारखं दिसतं, कित्येक सांड अशा थंड काचेमुळं उगाच नापास झालेत. आधी डोळ्यानंच बघायचं, साईसारखं दाट आहे की पाणी घातलेल्या ताकासारखं. मग भिंगाखाली, चांगल्या वीर्यात आषाढातले ढग पळतात तशा लाटा उठताना दिसतात. मागच्या ऑगस्टमधे कळमेश्वरजवळ एका सांडाचं बघितलं, बाहेरून जनावर एक नंबर, भिंगाखाली लाट नाही, इकडेतिकडे वाकड्या शेपटीचे गोल गोल फिरणारे. त्याला काहीही औषध दिलं नाही, ढेप बदलली, टिनावर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि गवत टाकायला लावलं, ५० ग्रॅम साधं मिक्स्चर, आणि दिवाळीनंतर परत बघितला. लाट आली होती. त्यात मिक्स्चरचा वाटा किती, सावलीचा किती आणि ढेपेचा किती हे मी छाती ठोकून सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही.

तर तुम्ही आता असं करा. सरकी ढेप बंद, कॅल्शियम बंद, मिक्स्चर ५० ग्रॅमवर आणा आणि रोज द्या, हिरवं जेवढं खाईल तेवढं, ते आता फुकट आहे. सांडाला तीन आठवडे आराम. मग सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात गायनॅक विभागाला आधी विचारून वीर्याची आणि रक्ताची तपासणी करून घ्या, नेणं जमत नसेल तर तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला गोठ्यात बोलवा. रिपोर्ट खराब आला तरी लगेच सांड विकू नका, आजपासून सत्तर-ऐंशी दिवस मोजा, तेव्हा परत तपासा, दोनदा खराब आला तर मग बोलू. पुढच्या वर्षी मार्च लागला की टिनावर एक हात जाड पऱ्हाटीचा थर, दुपारी दोनदा अंगावर पाणी, आणि चरायला सोडायचं ते पहाटे नाही तर रात्री.

राहिलेली पिशवी वाया जाणार नाही, तुमच्या दोन दुभत्या गायींना रोज ५०-५० ग्रॅम चालू करा, खरी गरज त्यांनाच आहे, आणि ती कॅल्शियमची बाटली पुढच्या महिन्यात जी व्यायला आली आहे ना, तिच्यासाठी ठेवा, पण व्याल्यानंतर पाजा, आधी नको. मेंढ्या असतील तर त्यांच्यापासून पिशवी लांब ठेवा, गायी-सांडाला चालणारं तांबं मेंढीला मारतं.

आणि हो, दुकानदाराशी भांडू नका. तपासणीचा रिपोर्ट आला की त्याला पण दाखवा.